छताची खोळ

आमच्या घरात अम्मीच्या शब्दाहूनही वर कशाला मान असेल, तर तो उन्हाला होता.

अब्बा गादीवाले होते. दारव्ह्याला बाजाराच्या रस्त्यावर पुढं त्यांचं दुकान, मागं आमच्या दोन खोल्या, आणि त्या सगळ्यावर मिळून एकच टिनाचं छत. कापूस पिंजायचा, खोळीत भरायचा, दाभणानं टाके घालून गादी बांधायची, हा आमचा पिढ्यांचा धंदा. त्या धंद्यात एकच औषध सगळ्या रोगांवर चालायचं. गादी दबली, ऊन दाखवा. वास मारते, ऊन दाखवा. ढेकूण झाले, ऊन दाखवा. अब्बांनी हेच शास्त्र पुढं सगळ्या दुनियेला लावलं होतं. तुरीची डाळ, लोणच्याची बरणी, शिंकणारी पोरं, सगळ्यांना ते मागच्या अंगणात काढायचे. शेजारच्या काकूंचा नवरा दिवसभर घुम्यासारखा बसून राहायचा, तेव्हा अब्बांनी काकूंना अगदी गंभीर तोंडानं सांगितलं होतं, "त्याईले जरा उनात बसवत जा, भाभी. ओल धरली असंन." काकूंना पुढं कितीतरी दिवस ते आठवून हसू यायचं.

घरात आम्ही अर्धी हिंदी आणि अर्धी वऱ्हाडी बोलायचो. मी इथं वऱ्हाडीच लिहिते आहे, कारण अब्बांचा राग आणि माया दोन्ही त्याच बोलीतून यायचे.

ऊन दाखवायची त्यांची एक रीत होती. सकाळी गादी बाजेवर टाकायची. दुपारी उलटायची, कारण एकाच बाजूला ऊन देणं म्हणजे पोळी अर्धी कच्ची ठेवणं. आणि उन्हं उतरायला लागली की वेताच्या काठीनं ती चांगली झोडपायची. धूळ उडाली की अब्बा खूश. जितकी जास्त धूळ, तितकी गादी नवी झाली असं ते समजायचे.

मी सांगते आहे ती वर्षं कापसाच्या पडत्या काळातली आहेत. अळी, भाव, पाऊस, काय काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे, मी नव्यानं सांगत नाही. आमच्या दुकानात ते वेगळ्या वाटेनं आलं. पूर्वी मुलीचं लग्न ठरलं की शेतकरी घरच्या कापसातला थोडा पांढराशुभ्र कापूस वेगळा काढून ठेवायचा आणि तो घेऊन आमच्याकडं यायचा. तिच्या गादीत आपल्याच शेताचा कापूस हवा, असा त्याचा हट्ट असायचा. त्या वर्षांत कोणी कापूस बाजूला ठेवीना. वेचला की थेट बाजारात. मुलींबरोबर जुन्याच गाद्या पिंजून जायला लागल्या, आणि ज्यांना जरा ऐपत होती त्यांनी शहरातून फोमची गादी आणली. त्यामुळं फोम या शब्दावर अब्बांचा दात होता. "फोम म्हंजे फोकनाड," असं ते म्हणायचे. वऱ्हाडात फोकनाड म्हणजे पोकळ बढाई, आणि अब्बांच्या मते फोमच्या गादीत तेवढंच भरलेलं असायचं.

माझ्या मोठ्या बहिणीला, आपाला, उमरखेडला दिलं होतं. लग्नाला वर्ष व्हायच्या आत तिला दिवस गेले. बाळंतपण मे महिन्यात येणार होतं. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत, आणि अम्मीच्या दृष्टीनं ती रीतच नव्हती, तो तिचा हक्क होता. बातमी कळली त्याच दिवशी तिनं मऊ जुनी लुगडी धुवून घडी घालायला सुरुवात केली.

दसऱ्यानंतरच्या चटचटत्या उन्हात आपाची सासू आमच्याकडं आली. आमच्यात विहिणीला समधन म्हणतात. उंच, सडसडीत बाई, बोलणं थोडं आणि तोलून. उमरखेडकडची असल्यामुळं तिची बोली मराठवाड्याकडं झुकलेली होती. तिला आम्ही आतल्या खोलीत बसवलं. जेवण झालं, पान झालं. मग तिनं मान वर करून छताकडं पाहिलं आणि बराच वेळ पाहतच राहिली.

"बाळंतीण इथंच राहणार का?" तिनं विचारलं.

"हो ना. हीच खोली देऊ तिले," अम्मी म्हणाली.

"मे महिन्यात? या टिनाखाली?"

"कूलर हाय, समधन."

"अन् लाइट?"

आमच्या डोक्यावरचा पंखा त्या घडीलाच बंद होता. लोडशेडिंगची वर्षं होती. लाइट पाहुण्यासारखी यायची आणि पाहुण्यापेक्षा लवकर जायची.

"आमच्याकडं स्लॅब आहे," समधन म्हणाली. "पोरगी तिकडंच राहू द्या. तिचं सगळं मी करते. तुम्ही येऊन बघून जा."

अम्मीचं तोंड एवढंसं झालं. अब्बा दारात उभे होते. ते समधनशी थेट बोलत नसत. अदब म्हणून भिंतीकडं पाहून, अम्मीच्या नावानं बोलायचे. ते भिंतीला म्हणाले, "सांग त्याईले, छताचं पाहून घेऊ आमी."

समधन उठता उठता म्हणाली, "बघा. एप्रिलमध्ये मी स्वतः पोरीला घेऊन येईन. भर दुपारी इथं बसेन. बसवलं तर ठेवीन, नाही तर संध्याकाळच्या गाडीनं परत नेईन."

ती गेल्यावर घरात जे काही बोललं गेलं, त्यात मी सगळ्यात पुढं होते. मी तेव्हा कॉलेजात शिकत होते आणि माझ्या जिभेला हाड नव्हतं. मी तिचं नाव 'स्लॅबवाली' ठेवलं, आणि ते घरात चालूही झालं. पण आपाचा फोन आला तेव्हा माझी मस्ती उतरली. कोपऱ्यावरच्या बूथवर अम्मी आणि मी एकाच रिसीव्हरला कान लावून उभ्या होतो. आपा म्हणाली, "अम्मी, माह्या सासू चांगल्या हायेत, पन मले तुह्याजवळच यायचं हाय. मले भेव वाटून राह्यलं." अम्मी तिला हसत हसत धीर देत राहिली, आणि फोन ठेवल्यावर तिथंच बूथच्या बाकावर बसून पदर डोळ्यांना लावला.

अम्मीचा भाऊ, आमचा मामू, पुसदला फ्रीज आणि कूलर दुरुस्त करायचा. अम्मीनं त्याला निरोप धाडला. तो थंडीच्या सुरुवातीला एका टेम्पोत पिवळ्या वड्या भरून घेऊन आला. वड्या म्हणजे दाराएवढ्या मोठ्या, मूठभर जाडीच्या, उचलल्या तर कापसाहून हलक्या. एक बर्फाचा कारखाना बंद पडला होता. त्याच्या थंड खोलीच्या भिंतीतून हा माल निघाला होता.

"हे काय व्हय?" मी विचारलं.

"फोमच व्हय, पन कडक. हे गर्मीले आत येऊ देत नाही," मामू म्हणाला. "तिकडं बाहेरची गर्मी अडवत होतं, इकडंबी तेच करीन."

अब्बा त्या आठवड्यात खेड्यांमध्ये गाद्या भरायला गेले होते, म्हणून बरं. फोम छतावर चढताना त्यांनी पाहिला असता, तर काही खरं नव्हतं. मामूनं आणि त्याच्या दोन माणसांनी टिनावर वड्या एकाला एक भिडवून मांडल्या, फटी चिकटपट्टीनं बुजवल्या, दोऱ्यांनी सगळं आवळलं आणि वरून ताडपत्री टाकली. खाली उतरल्यावर हात धूत तो म्हणाला, "ही ताडपत्री तात्पुरती हाय. शिमग्याच्या सुमाराले येतो अन् वरून सिमेंटचा पक्का थर देतो. तोवर ताडपत्री काढू नका. याले ऊन चालत नाही."

"ऊन चालत नाही?" अम्मीनं विचारलं. आमच्या घरात हे वाक्य कोणी आजवर ऐकलंच नव्हतं.

"नाही चालत. लोखंड पान्यानं गंजते ना, तसं हे उनानं गंजते."

अब्बा परत आले. आधी थोडी धुसफूस झाली, पण पोरीसाठी आहे म्हटल्यावर त्यांनी फोमला माफ केलं. अम्मीनं मामूचा निरोप जसाच्या तसा सांगितला. अब्बा म्हणाले, "त्याले फ्रीजचं कळते. उनाचं मले कळते."

हे वाक्य आम्हाला महागात पडलं.

संक्रांतीच्या आसपास दोन दिवस अवकाळी पाऊस झाला. पाणी ताडपत्रीखाली शिरलं. ताडपत्रीला कुबट वास सुटला, मुंग्या लागल्या. अब्बा शिडी लावून वर गेले, एक कोपरा उचलून त्यांनी वास घेतला आणि खाली येऊन म्हणाले, "सडून राह्यलं वरतं. बाळंतिणीच्या डोक्यावर ओल ठेवता का?" अम्मीनं पुन्हा भावाचं सांगून पाहिलं. पण ओल आणि बाळंतीण हे दोन शब्द एकत्र आल्यावर तिचंही मन डळमळलं, हे मी तिच्या तोंडावर पाहिलं. खरं सांगायचं तर मलाही अब्बांचंच पटलं. ऊन कोणाला वाईट असतं, हे आमच्या डोक्यात शिरतच नव्हतं.

अब्बांनी ताडपत्री काढली. ती नुसती काढली नाही, तर धुऊन दुकानातल्या कापसावर टाकली. मग दोऱ्या सैल केल्या आणि हिवाळ्याचं ते कोवळं, स्वच्छ ऊन पिवळ्या वड्यांना दाखवायला सुरुवात केली. शुक्रवारची नमाज झाली की ते वर चढायचे आणि एकेक वडी उलटायचे, म्हणजे दुसरी बाजू कच्ची राहू नये. काही दिवसांनी वड्यांचा रंग गडद झाला. हळदीचा रंग गेला आणि गुळाचा आला. अब्बा म्हणाले, "पाह्य, पिकून राह्यल्या." त्यानंतर ते काठी घेऊन वर गेले.

पहिल्या दिवशी त्यांनी झोडपलं तेव्हा इतकी धूळ उडाली की शेजारच्या काकू पापड उचलून आत पळाल्या. अब्बा वरून आनंदानं ओरडले, "बापरे, कारखान्यात किती घान भरली होती याच्यात!" दर वेळी धूळ निघायची. दर वेळी अब्बा खूश होऊन उतरायचे. ती तांबूस पूड दुकानात पिंजायला काढलेल्या पांढऱ्या कापसावर बसायची, आमच्या केसांत जायची, अंगाला खाज आणायची. आम्ही झटकून टाकायचो. आपाच्या खोलीसाठी अब्बा एवढे राबताहेत म्हणून अम्मी त्यांच्या ताटात भाकरीवर तूप जास्त घालायची.

शिमग्याला मामू आला. सिमेंटची गोणी उतरवून तो आधी वर चढला. मी शिडीवरून डोकं वर काढलं, तर तो छतावर मांडी घालून बसला होता. त्याच्या हातात वडीचा कोपरा होता आणि त्यानं अंगठा दाबला की तो बिस्किटासारखा चुरत होता.

अब्बाही वर आले.

"दुल्हेभाई," मामू हळू म्हणाला, "हे काय केलं?"

"ऊन दाखवलं."

"कायले?"

"कायले म्हंजे? ऊन कोन कायले दाखवते? ओल होती. दोन्ही बाजूनं दाखवलं, झोडपलं. ढीगभर धूळ काढली याच्यातली."

मामूला आधी हसू आलं. तो इतका हसला की त्याला बोलता येईना. "झोडपलं!" तो म्हणाला. "दुल्हेभाई, ती धूळ नोती. तोच फोम होता. ऊन लागलं की वरचा थर जळून त्याचा भुगा होते. तो भुगा तुमी झाडून टाकला, की खालचा थर उघडा पडते, मंग तो जळते. म्हनूनच तं झाकून ठेवा म्हटलं होतं." आणि मग त्याचं लक्ष अब्बांच्या तोंडाकडं गेलं आणि त्यानं हातातला तुकडा खाली ठेवला.

अब्बांनी टिनाच्या पन्हाळीत साचलेली पूड चिमटीत घेतली. बोटांत चोळली. थुंकीनं ओली करून पाहिली. आयुष्यभर त्यांनी धूळ पाहिली होती, कापसाची, सरकीची, रस्त्याची. ही कुठलीच नव्हती. मग त्यांनी वडीचा चुरलेला कोपरा चोळला आणि दोन्ही बोटं शेजारी धरली. रंग एकच होता.

"म्या माह्या हातानं पोरीचं छत झोडपून काढलं," ते म्हणाले.

त्या दिवशी अब्बा जेवले नाहीत. दुकानात गाद्यांच्या थप्पीला टेकून बसून राहिले. मला त्यांची इतकी दया आली की मी चहा घेऊन गेले आणि कप त्यांच्याजवळ ठेवून तिथंच बसले. थोड्या वेळानं त्यांनी मामूला हाक मारली आणि विचारलं, "कापसाले तं चालते ना, ऊन?"

"कापूस उनातच वाढते, दुल्हेभाई. त्याले चालते."

"नाही, म्हटलं विचारून घ्यावं."

नवा माल मिळायची आशा नव्हती. कारखान्याचा उरलेला फोम केव्हाच दुसरीकडं गेला होता. आता होतं त्यातच भागवायचं होतं, आणि एप्रिल तोंडावर होता. मामूनं पत्र्याच्या तुकड्यानं एक वडी खरवडून दाखवली. तांबूस थर निघून गेला आणि खाली पुन्हा तोच कोवळा पिवळा रंग लागला. "पिवळं हाय तेवढं जित्तं," तो म्हणाला. "मूठभर जाडी होती, आता तीन बोटं राह्यली. पन ऊन नाही लागलं तं हे आपल्यापेक्षा जास्त जगीन."

आम्ही सगळे वर चढलो. खरवडताना नाकातोंडाला ओढण्या बांधल्या होत्या, तरी घसा खवखवायचा. वड्या पुन्हा मांडल्या, फटी बुजवल्या. आता वरचं झाकण. मामूचा बेत असा होता की पोती उसवून त्यांचं बारदान सिमेंट आणि चुन्याच्या पातळ घोळात बुडवायचं आणि तुकडे एकावर एक चिकटवत जायचं. वाळलं की पापुद्र्यासारखा कडक थर होतो. उन्हाचा मार त्या थरावर बसतो, आत पोचत नाही.

अब्बांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. "तुकडे नको. वैशाखातल्या वावटळीत तुकड्याची कड उचलते. एक कड उचलली की सगळं गेलं. अखंड पाहिजे. खोळ शिवतो म्या."

"अख्ख्या छताची?"

"गादी मोठी हाय, एवढंच."

आणि त्यांनी खरंच छताला खोळ शिवली. दुकान बंद ठेवून, रस्त्यापर्यंत बारदान पसरून, पोत्याला पोतं जोडत गेले. दाभण, सुतळी, आणि गादीच्या कडेला घालतात तो दुहेरी टाका. मी आणि अम्मी कडा धरून बसायचो. येणारे जाणारे थांबायचे. शेजारच्या काकू कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "काहो भाईजान, छताले गादी भरून राह्यले का?"

"हो, भाभी. त्याले झोप येत नाही उन्हाळ्यात," अब्बा म्हणाले. शिमग्यानंतरचा तो त्यांचा पहिला विनोद होता, आणि अम्मीनं मान खाली घालून हसू लपवलं.

खोळ वर चढवायला गल्लीतली सात-आठ माणसं लागली. ती चारी बाजूंनी टिनाच्या खाली दुमडून, तारेनं आवळून बसवली. मग मामूनं घोळ केला आणि आम्ही झाडूनं, हातानं, जे मिळेल त्यानं तो बारदानात जिरवला. संध्याकाळी पाणी मारायचं काम माझ्याकडं होतं. थर पक्का झाल्यावर वरून डिंक घातलेल्या चुन्याचे हात दिले. उन्हात ते छत इतकं पांढरं दिसायचं की त्याच्याकडं पाहवत नव्हतं.

खोलीत फरक पडला का? पडला. पण मामू प्रामाणिक होता. "पूर्ण जाडी असती तं आनखी गार राह्यलं असतं," असं तो जाताना बोलून गेला, आणि अब्बा रोज दुपारी आतल्या खोलीत जाऊन टिनाला खालून तळहात लावून बघायचे. कधी तोंड उजळायचं, कधी नाही.

एप्रिलमध्ये समधन सांगितल्याप्रमाणं आली. पुसदला गाडी बदलून भर दुपारी उतरली. सोबत आपा, आणि आपाची लोखंडी पेटी. आपाला पाहून मला भरून आलं. पाय सुजले होते, तोंड उतरलं होतं, पण दारात पाय ठेवताना ती हसत होती.

"पेटी बाहेरच राहू द्या," समधन म्हणाली.

पेटी दुकानातच राहिली. लाइट अर्थातच नव्हती. अम्मीनं खिडकीला ओलं चादरीचं फडकं लावलं होतं. समधन आतल्या खोलीत अब्बांनी खास भरलेल्या गादीवर भिंतीला टेकून बसली. तिनं वर पाहिलं. हात लांब करून भिंत चाचपली. मग हात मांडीवर ठेवून ती बसून राहिली. आम्ही स्वयंपाकखोलीत कान देऊन उभ्या होतो. आपा माझा हात इतका घट्ट धरून होती की बांगड्या रुतत होत्या. बाहेर अब्बा हातातल्या पिंजणावर कापूस पिंजत होते, त्याचा टण टण आवाज येत होता. खोली गार नव्हती, खोटं कशाला बोलू. पण ती भाजत नव्हती.

बराच वेळ झाला. अम्मीनं धीर करून आत डोकावलं आणि तशीच मागं आली. तोंडावर बोट ठेवून ती कुजबुजली, "झोपल्या."

खरंच झोपली होती. मान भिंतीला, तोंड जरासं उघडं, आणि हलकं घोरणं. मी दुकानात जाऊन अब्बांना सांगितलं. त्यांनी पिंजण खाली ठेवलं. एवढंच नाही, तर रस्त्यावर जाऊन उभे राहिले. कुल्फीवाला घंटी वाजवत आला, त्याची घंटी त्यांनी हातानं धरली आणि त्याला पुढच्या गल्लीपर्यंत तसंच चालत नेलं. डोक्यावर टोपीखेरीज काही नव्हतं. ते त्या उन्हात राखणीला उभे राहिले, ती उठेपर्यंत.

समधन उठली तेव्हा दुपार कलल्यावरची, असरची अजान होत होती. ती गडबडून सावरून बसली, पदर डोक्यावर ओढला. अम्मीनं पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर तिनं पुन्हा वर पाहिलं.

"झोप लागली मला," ती म्हणाली. "टिनाखाली मला झोप लागली."

आम्हाला वाटलं ती शरमली. अम्मी काहीतरी गोड बोलायला गेली, पण समधननं हातानं तिला थांबवलं.

"माझं पहिलं लेकरू माहेरीच झालं होतं," ती म्हणाली. "मे महिन्यातच. अशीच टिनाची खोली. सहाव्या दिवशी छटी झाली, नाव ठेवलं. अन् दुसऱ्या दुपारी ते तापलं. माझी माय पंख्यानं वारा घालायली होती. वारा घालता घालताच गेलं. मी सासरी सांगितलं, जन्मतःच अशक्त होतं. खरं सांगितलं असतं तर माझ्या माहेराला बोल लागला असता. त्यानंतर टिनाच्या घरात मी कधी रात्र काढली नाही. तुम्हाला काय सांगणार होते मी?"

अम्मीनं हातातलं तांब्याभांडं खाली ठेवलं. माझ्या तोंडातला तो 'स्लॅबवाली' शब्द मला त्या क्षणी गिळताही येईना. आपा सासूजवळ जाऊन खाली बसली आणि तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

अब्बा दारात आले होते. किती ऐकलं होतं कोण जाणे. उन्हानं त्यांचं तोंड लाल झालं होतं. या वेळी त्यांनी भिंतीकडं पाहिलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा ते समधनकडं पाहून बोलले.

"पोरगा का पोरगी होती?"

"पोरगी."

"नाव काय ठेवलं होतं?"

समधननं पदर सावरला. मग तिनं नाव सांगितलं. अब्बांनी ते ऐकलं, मान हलवली, आणि दुकानात जाऊन आपाची पेटी स्वतः उचलून आत आणली.

मे महिन्यात आपाला मुलगी झाली. तालुक्याच्या दवाखान्यात झाली आणि तिथून अम्मीनं दोघींना आमच्या आतल्या खोलीत आणलं. बाहेर डांबर वितळत होतं. बाळ आत शांत झोपायचं. छटीला उमरखेडची माणसं आली. नाव कोणी ठेवायचं असा प्रश्न निघाला, तेव्हा आपानं बाळ सासूच्या मांडीवर दिलं. समधननं सगळ्यांकडं एकदा पाहिलं. मग तिनं बाळाच्या कानाशी तोंड नेलं आणि ते नाव, इतक्या वर्षांनी, कोणाला तरी हाक मारायला म्हणून उच्चारलं.